अंगणाचा कोबा

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या पत्रांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. घरापुढे किंवा परसदारी जी चार हात मोकळी जागा असते तिच्यावर काँक्रीट घालावयाचे आहे. मग त्याचा वरचा पृष्ठभाग कसा ठेवावा? घोटून गुळगुळीत करावा की खरखरीत सोडावा? रंग घालावा काय? दगडी फरशीसारखे ठसे उमटवून देणारे कारागीर आता मिळतात, त्यांना बोलवावे काय? एका भगिनींनी तर कळकळीने लिहिले आहे, ‘यजमान म्हणतात चकचकीत हवे, सासूबाई म्हणतात रांगोळी उमटली पाहिजे आणि मुलगा म्हणतो गाडी उभी राहिली पाहिजे. आता तुम्हीच काय तो निवाडा करावा.’

असा निवाडा करण्याचा आमचा अधिकार मोठा नाही. आमचे आयुष्य खडू आणि फळा यांच्या संगतीत गेले. थापी आणि ओळंबा यांच्याशी आमचा संबंध आला तो केवळ घरमालक या नात्याने. परंतु या एका विषयात आम्ही पूर्वी चुकलो आहोत, आणि त्या चुकीचे फळ आमच्या घरातील सर्वांत वडील माणसाला भोगावे लागले. ज्याने ठेच खाल्ली त्याने मागच्यास सावध करावे, एवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहोत.

बेळगावातील आमच्या घरापुढील अंगण पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद आहे. एका बाजूस तुळशीवृंदावन, कोपऱ्यात पारिजातक, आणि दारापासून फाटकापर्यंत जाणारी वहिवाटेची पायवाट. आमच्या लहानपणी ते मातीचे होते. मातोश्री पहाटे उठून सडा घालीत आणि दर आठ दिवसांनी शेणाने सारवीत. पावसाळ्यात मात्र त्या अंगणाची पार दुर्दशा होई. मृगापासून अनंतचतुर्दशीपर्यंत चिखल घरात येई, आणि दारापासून फाटकापर्यंत टाकलेल्या विटांवरून आम्ही मुले उड्या मारीत शाळेस जात असू. सारवणाची आठवण कितीही गोड असली तरी त्या चिखलाचा त्रास आम्ही विसरलेलो नाही. म्हणून ‘जुने ते सोने’ असे म्हणून मातीच्या अंगणाचा पुरस्कार आम्ही करणार नाही. सारवणारे हात थकले की तेच अंगण घरच्या बाईच्या कंबरेचा काळ ठरते, हेही आम्ही पाहिले आहे.

सन २०११ मध्ये आम्ही अंगणात कोबा करविला. त्या वेळी आमच्या मनात एकच चित्र होते : अंगण आरशासारखे दिसावे, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी थांबून पाहावे. कामावर आलेल्या गवंड्याने आमची हौस ओळखली. ओल्या काँक्रीटवर त्याने कोरड्या सिमेंटचा भुरका मारला, वर पाणी शिंपडले आणि लोखंडी थापीने घोटून घोटून असा पृष्ठभाग काढला की त्यात पारिजातकाच्या फांद्यांचे प्रतिबिंब दिसावे. मातोश्री उंबऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. त्यांनी एकच प्रश्न केला, “ओलं झाल्यावर हे पाय धरील ना रे?” आम्ही हसून म्हटले, “अगं आई, सिमेंट आहे हे. घसरायला ते काय शेवाळ आहे?”

शेवाळ यावयास फार वर्षे लागली नाहीत. दुसऱ्याच पावसाळ्यात पारिजातकाखाली हिरवट छटा दिसू लागली, तिसऱ्या पावसाळ्यात ती वृंदावनापर्यंत आली. आम्ही दर श्रावणात खराट्याने घासून घेत असू आणि जातायेता सर्वांस “जपून” असे सांगत असू. ज्या अंगणात घरच्या माणसास जपून चालावे लागते ते अंगण चुकले आहे, एवढे साधे गणित आम्हांस त्या काळात सुटले नाही. सन २०२२ च्या श्रावणात एका सकाळी मातोश्री तुळशीला पाणी घालावयास गेल्या आणि घसरल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणावर गेले. त्यानंतर वॉकर घेऊन घरात फिरू लागल्या, परंतु उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीनात. तुळशीला पाणी आमच्या सौभाग्यवतींनी घालावे आणि मातोश्रींनी दाराआडून हात जोडावेत, असा क्रम सुरू झाला. त्यांनी आम्हांस २०११ मधील त्या प्रश्नाची आठवण कधीही करून दिली नाही. दिली असती तर कदाचित मन हलके झाले असते.

असो. आता मूळ विषयाकडे वळू.

गुळगुळीत कोबा ओला झाला की पाय का घसरतो, याचे कारण अगदी सरळ आहे. पाऊल आणि जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. पृष्ठभाग खरखरीत असेल तर ते पाणी बारीक खाचांत शिरते आणि पायास टेकावयास कोरडी टोके मिळतात. पृष्ठभाग आरशासारखा असेल तर पाण्यास जावयास जागाच राहत नाही आणि पाय त्या थरावरच तरंगतो. त्यात शेवाळाची बुळबुळ मिसळली की मग काय विचारावे! घरातील माजघर किंवा देवघर घोटलेले असले तरी चालते, कारण तेथे पाऊस पडत नाही. जी जागा आकाशाखाली आहे तिला आतल्या जमिनीचा न्याय लावणे, हीच आमची पहिली चूक.

दुसरी चूक त्या कोरड्या सिमेंटच्या भुरक्याची. काँक्रीट ओतल्यावर काही वेळाने त्याच्या अंगातील पाणी वर येते. ते पाणी आपोआप सुकून जाईपर्यंत गवंड्याने हात आवरून बसावयाचे असते. तसे न करता वर सिमेंट भुरभुरून लगेच घोटले, तर खालच्या मालाशी एकजीव न झालेला एक पातळ पापुद्रा तयार होतो. वर्ष-दोन वर्षांत त्याला केसासारख्या भेगा पडतात, पुढे त्याचे पोपडे सुटतात आणि पायाला पांढरी भुकटी लागू लागते. आमचा आरसाही असाच जागोजाग फुटला होता. चकचकीतपणा आणि टिकाऊपणा हे एकच नव्हेत, हे आम्ही वर्गात मुलांना अनेकदा सांगितले आहे. घरात मात्र ते विसरलो.

सन २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही तो कोबा फोडला. या खेपेस काम पाहावयास आलेले मेस्त्री वयस्क आणि मितभाषी होते. त्यांनी जुन्या कोब्यावर पाण्याचा तांब्या ओतला, अनवाणी पायाने चाचपून पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, बघायला पाहिजे की चालायला पाहिजे, तेवढं आधी सांगा बघू.” सगळा विषय त्या एका वाक्यात आला. पुढे त्यांच्याशी झालेल्या बोलण्यातून आणि स्वतः थोडेबहुत वाचून जे कळले ते असे :

पहिला प्रकार लोखंडी थापीने घोटलेल्या गुळगुळीत कोब्याचा. त्याविषयी वर पुरेसे लिहिले आहे. छपराखालच्या ओसरीस तो शोभतो, उघड्या अंगणास नाही.

दुसरा लाकडी रंध्याचा. वर आलेले पाणी सुकल्यावर लाकडी रंधा गोल गोल फिरवून पृष्ठभाग सपाट करतात आणि तेथेच थांबतात. त्यामुळे वाळूचा बारीक कण वर राहतो. हाताला तो बारीक कागदासारखा लागतो, पायाला टोचत नाही आणि ओला झाला तरी पाय धरतो. यास वेगळा खर्च नाही. उलट घोटाईचे श्रम वाचतात.

तिसरा झाडणीच्या रेघांचा. रंधा मारून झाल्यावर काँक्रीट किंचित आवळले की त्यावरून झाडणी एकाच दिशेने, एकाच दाबाने ओढतात. खराटा वापरला तर रेघा खोल येतात. गाडीच्या उतारास त्या उत्तम, परंतु अनवाणी पायास बोचतात आणि त्यांत केर अडकतो. मऊ केरसुणी वापरली तर रेघा नाजूक येतात. आपल्या घरांत अंगणात अनवाणी वावरण्याची रीत आहे, हे ध्यानात ठेवून झाडणी निवडावी. रेघांची दिशाही महत्त्वाची. त्या चालण्याच्या दिशेस आडव्या असल्या तर पाय चांगला धरतात, आणि उताराच्या दिशेने असल्या तर पाणी वाहून नेतात. आमच्या अंगणाचा उतार पायवाटेस आडवा, गटाराच्या बाजूस काढल्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच रेघेत साधल्या.

चौथा खडी उघडी ठेवण्याचा. काँक्रीट काही तासांनी आवळले की वरचा सिमेंटचा थर ब्रशाने व पाण्याने हलकेच धुऊन काढतात, म्हणजे आतील खडी दिसू लागते. गोल गुळगुळीत गोटे वापरले तर हा पृष्ठभाग फार देखणा दिसतो, घसरत नाही आणि वर्षानुवर्षे झिजत नाही. मात्र धुण्याची वेळ अचूक साधावी लागते : लवकर धुतले तर खडी निसटते, उशीर झाला तर सिमेंट निघत नाही. त्यातून वृद्धांच्या पावलांना तो खडबडीत वाटतो आणि वॉकरचे पाय त्यावर डगमगतात. ज्या घरी अंगणात पापड-कुरडयांचे वाळवण पडते त्या घरच्या बायकाही त्यावर पसरलेल्या चादरीबद्दल तक्रार करतील.

पाचवा ठशांचा. ओल्या काँक्रीटवर रंगीत भुकटी टाकून रबरी साच्यांनी दगडाचे किंवा विटांचे नक्षीकाम उठवितात आणि शेवटी चमकदार रोगण देतात. आमच्या एका स्नेह्यांनी हे काम करविले आहे व ते दिसते सुंदर. परंतु त्यास सरावलेला कारागीर लागतो, खर्च बराच येतो आणि दोन-चार वर्षांनी रोगण पुन्हा द्यावे लागते. मुख्य म्हणजे ते चमकदार रोगणच पावसात निसरडे होते. हौस असेल त्याने चमक नसलेले रोगण मागावे किंवा त्यात बारीक वाळूसारखी पूड मिसळून घ्यावी.

रंगाविषयी दोन शब्द. गोवा व कर्नाटकाच्या जुन्या घरांतून लाल कोबा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि उन्हाने तो विटत नाही, म्हणून बाहेरही चालतो. मात्र रंग सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापलीकडे जाऊ देऊ नये. अधिक घातल्यास काँक्रीट दुबळे होते. तसेच गडद रंग उन्हात अधिक तापतो. बेळगावच्या हवेत हे एक वेळ सोसेल. ग्वाल्हेरच्या ज्येष्ठात अनवाणी पायांना ते सोसणार नाही.

पृष्ठभाग कितीही विचाराने निवडला, तरी त्याखालचे काम कच्चे असेल तर सारे व्यर्थ. घराच्या जोत्यापेक्षा अंगण सहा इंच तरी खाली असावे. जुनी भुसभुशीत माती काढून मुरूम पसरावा, पाणी मारून धुमसाने चोपावा आणि मग चार इंच जाडीचे काँक्रीट घालावे. चारचाकी उभी राहावयाची असेल तर सहा इंच घालावे व आत सळईची जाळी टाकावी. प्रमाण एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी असे ठेवावे. आमच्या पंधरा बाय बारा फुटांच्या अंगणास या हिशेबाने चौदा पोती सिमेंट, सुमारे पंचवीस घनफूट वाळू आणि पन्नास घनफूट खडी लागली. नदीची वाळू आता दुर्मिळ झाल्याने आम्ही दगड दळून केलेली वाळू वापरली. ती चांगली चाळलेली असावी, तिच्यात धूळ फार नसावी, एवढे पाहिले.

पाण्याच्या बाबतीत मात्र कठोर असावे. या प्रमाणाच्या मालास पन्नास किलोच्या एका पोत्यामागे तीस लिटरांहून अधिक पाणी घालू नये. माल पातळ केला की बिगाऱ्यास ओढावयास सोपा जातो, म्हणून बादलीवर बादली ओतली जाते. परंतु जास्तीचे पाणी सुकून गेल्यावर मागे पोकळ्या व भेगा ठेवून जाते. आम्ही सुटी काढून दिवसभर पाण्याच्या पिंपाशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. मेस्त्री हसले, “परीक्षेला बसल्यागत बसलाय की गुरुजी!” आम्ही म्हटले, “परीक्षाच आहे. मागच्या वेळी नापास झालो होतो.”

उतार दर फुटास पाव इंच असावा. बारा फुटांच्या रुंदीत तो तीन इंच होतो. डोळ्यास जाणवत नाही, पाण्यास पुरतो. पाणी साचले नाही की शेवाळाचे निम्मे बळ जाते. काँक्रीट सुकताना आकसते, म्हणून ते एकसंध ठेवू नये. चार इंच जाडीस आठ-दहा फुटांवर तरी सांधा द्यावा व तो इंचभर खोल असावा, म्हणजे भेग पडलीच तर सांध्यातून सरळ पडते, अंगणभर वेडीवाकडी धावत नाही. आमच्या अंगणाचे आम्ही चार चौक केले. घराची भिंत आणि काँक्रीट यांमध्ये अर्धा इंच फट ठेवून तीत डांबर भरले. पारिजातकाभोवती दीड हात माती उघडी ठेवली. झाडाच्या बुंध्याला काँक्रीटने आवळणे हे पाप तर आहेच. शिवाय मुळे पुढे ते काँक्रीटच उचलून देतात.

आणि शेवटी पाणी मारणे. माल पडल्यानंतरचे हे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पहिले दिवसभर ओले गोणपाट झाकावे, पुढे वाळूचे बांध घालून पाणी साठवून ठेवावे. साध्या सिमेंटास किमान सात दिवस, राख-मिश्रित सिमेंटास दहा दिवस आणि उष्ण-कोरड्या हवेत चौदा दिवस ओल राखावी. आज बाजारात बहुतेक ठिकाणी राख-मिश्रित सिमेंटच मिळते, तेव्हा चौदा हाच आकडा लक्षात ठेवणे बरे.

आता पृष्ठभाग कोणता ठरविला, ते सांगावयाचे राहिले. मेस्त्रींनी अंगण घालण्यापूर्वी दीड फूट चौरसाचे तीन नमुने करून दिले : एक रंध्याचा, एक खराट्याच्या रेघांचा आणि एक आधी रंधा मारून वर मऊ केरसुणी ओढलेला. ही युक्ती प्रत्येकाने करावी असे आम्ही आग्रहाने सांगू. एका पोत्याचा काही भाग आणि आठवड्याचा धीर, एवढ्यात पुढील वीस वर्षांचा पस्तावा टळतो. नमुने वाळल्यावर ते ओसरीत मांडले आणि त्यांवर पाणी ओतले. आम्ही आणि सौभाग्यवती त्यांवर आळीपाळीने उभे राहून चर्चा करीत होतो. इतक्यात आतून वॉकरचा आवाज आला. मातोश्री म्हणाल्या, “बाजूला व्हा. मला बघू दे.”

आम्ही घाबरलो. “आई, ओलं आहे ते,” असे म्हणालोही. त्या म्हणाल्या, “ओलंच बघायचं असतं.” आम्ही एका बाजूने, सौभाग्यवतींनी दुसऱ्या बाजूने धरले. खराट्याच्या नमुन्यावर पाय ठेवताच त्यांनी तो मागे घेतला, “बोचतंय.” रंध्याच्या नमुन्यावर थोडा वेळ थांबल्या, काही बोलल्या नाहीत. तिसऱ्यावर पाऊल ठेवले, टाच दाबून पाहिली, बोटे पुढेमागे सरकवून पाहिली आणि म्हणाल्या, “हे पाय धरतंय.” निवाडा झाला. इंजिनियरपासून मेस्त्रीपर्यंत ज्यांस ज्यांस आम्ही विचारले, त्यांच्याहून या एका पावलाचा अनुभव मोठा होता. २०११ साली आम्ही तेवढे विचारले असते तर!

रांगोळीचा प्रश्न सौभाग्यवतींनी उपस्थित केला. रेघांच्या पृष्ठभागावर रांगोळीची ओळ तुटक उमटते, हे खरे आहे. म्हणून वृंदावनासमोर, पायवाटेपासून दूर, तीन फूट बाय दोन फूट एवढी एक शहाबादी फरशी काँक्रीटच्या पातळीत बसविली. ती घासून चकचकीत केलेली नाही. खाणीतून निघालेल्या नैसर्गिक पोताची आहे. रोजची रांगोळी तिच्यावर निघते आणि तिच्यावरून कोणासही चालावे लागत नाही. सौंदर्य आणि सुरक्षितता यांचे भांडण बहुधा जागेचे असते. दोघांना वेगवेगळी जागा दिली की ते मिटते.

आमच्या या मासिकाचे वाचक दूरदूरच्या गावी आहेत, म्हणून एवढे सांगणे अवश्य वाटते की, बेळगावचा नियम सर्वत्र जसाच्या तसा लावू नये. हैदराबादकडील मंडळींस शहाबाद व तांडूर येथील दगड जवळ पडतो, तर इंदूर-ग्वाल्हेरकडे कोट्याच्या दगडाची रीत आहे. दगड लावावयाचा तर उघड्या अंगणात पॉलिश न केलेलाच लावावा. माळवा-ग्वाल्हेर आणि बडोदे येथे उन्हाळा कडक असतो. तेथे काँक्रीटचे काम चैत्र-वैशाखात काढू नये. काढणे भागच असेल तर सकाळी लवकर ओतून त्यावर तत्काळ ओले गोणपाट झाकावे. गोव्यात आणि आमच्याकडे पाऊस दांडगा, तेथे उतार आणि खरखरीतपणा यांवर अधिक लक्ष द्यावे. ज्यांच्या अंगणाला काँक्रीटची खरोखर गरज नाही त्यांनी पायवाटेपुरतेच ते घालून उरलेली माती पावसाच्या पाण्यास मोकळी ठेवावी. विहिरीस त्याचा लाभ होतो.

ज्यांच्याकडे आधीच गुळगुळीत कोबा आहे त्यांनी घाबरून जाऊन तो फोडावा असे नाही. कोबा पक्का असेल तर यंत्राने घासून किंवा बारीक खाचा पाडून तो खरखरीत करता येतो. शेवाळ आले तर ब्लीचिंग पावडरचे पाणी टाकून, काही वेळाने ताठ ब्रशाने घासून भरपूर पाण्याने धुवावे. झाडांच्या मुळांकडे ते पाणी जाऊ देऊ नये. फरशी धुण्याचे अ‍ॅसिड मात्र कदापि ओतू नये. ते शेवाळाबरोबर सिमेंटही खाते.

आता त्या भगिनींच्या पत्रास उत्तर. यजमानांस सांगावे की, चकाकी हवी असेल तर ती ओसरीत करवावी; तेथे ती शोभेल. सासूबाईंस सांगावे की, रांगोळीसाठी एक फरशी त्यांच्या पसंतीची, त्यांच्या हाताला येईल अशा जागी बसवू. मुलास सांगावे की, गाडीच्या चाकाखाली सहा इंच जाडी देऊ आणि तेथे खराटा ओढू. उरलेल्या अंगणावर रंधा आणि त्यावर मऊ केरसुणी. आणि काम सुरू करण्यापूर्वी नमुने करून, त्यांवर पाणी ओतून, सर्वांत आधी सासूबाईंचे पाऊल त्यांवर ठेववावे. त्यांनी प्रश्न विचारला तर हसू नये.

आमच्या अंगणाने आता दोन पावसाळे पाहिले आहेत. त्याचा रंग राखाडी आहे, त्यात कशाचेही प्रतिबिंब दिसत नाही आणि रस्त्यावरून जाणारा कोणीही ते पाहण्यासाठी थांबत नाही. पहिल्या वर्षीच्या श्रावणात एका सकाळी पावसाची झड नुकतीच थांबली होती. वॉकर टेकीत मातोश्री दारात आल्या, क्षणभर थांबल्या आणि एका हाताने आमचा खांदा धरून उंबऱ्याबाहेर उतरल्या. वृंदावनापर्यंतची दहा पावले चालावयास त्यांना बराच वेळ लागला. तेथे पोहोचल्यावर त्यांनी आमचा खांदा सोडला आणि तांब्यासाठी हात पुढे केला.